मागच्या सीटवरचा पाहुणा

कुत्रा बसायला तयार नव्हता. तपासणी उद्या सकाळी दहाला होती आणि मास्तर एका हातात बिस्किट, दुसऱ्या हातात प्राणी निवाऱ्याची पुस्तिका धरून पाऊण तास "बस, बस" म्हणत होते. कुत्रा मान तिरकी करून मोठ्या कुतूहलाने त्यांच्याकडे बघत होता. एकदा तो बसल्यासारखा वाटला, पण ते कान खाजवण्यापुरतंच होतं. शेवटी मास्तरच दमून खाली बसले आणि बिस्किट त्यांनी स्वतःच खाल्लं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. बावीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून काढल्यामुळे त्यांच्या उजव्या पायाला एक खोड जडली होती. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असे, आणि पाय तो ब्रेक घरीही शोधायचा. बायको पातेल्यात भसाभस दूध ओतायला लागली, की जेवणाच्या टेबलाखाली मास्तरांचा पाय आपोआप दाबला जायचा.

गावातले अर्धे चालक त्यांच्या हाताखालून गेले होते. राहिली होती फक्त बायको. तिने लग्नानंतर तीनदा गाडी शिकवा म्हणून सांगून पाहिलं. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवली की संसार मोडतो, असं मास्तरांचं ठाम मत होतं. पुढे तिने विचारणं सोडलं. बायकोने विचारणं सोडलं म्हणजे विषय मिटला, असं समजणारे नवरे असतात ना, त्यांतलेच आपले मास्तर.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा कुत्रा आणायची कल्पना बायकोने काढली. मास्तरांनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, आणि मग गाडी काढली. निवाऱ्यात त्यांना वाटलं होतं की आपण कुत्रा पसंत करायचा. तिथल्या बाईंनी उलट त्यांनाच तासभर प्रश्न विचारले. शेवटी एक कान उभा आणि एक दुमडलेला, सहा वर्षांचा, मातकट रंगाचा कुत्रा पिंजऱ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हा बाईंनी त्याची हकीकत सांगितली. दोन घरांतून तो परत आला होता. एका घरी तो ऐकत नाही म्हणून, आणि दुसऱ्या घरी नवा गालिचा आला म्हणून.

"पंधरा दिवस ठेवा," बाई म्हणाल्या. "मग मी घरी येऊन बघेन. ठीक वाटलं तर तुमचा, नाहीतर परत नेईन. पण एक सांगते. तिसऱ्यांदा परत आला, तर हा पुन्हा असा दाराशी येऊन उभा राहायचा नाही. मी बघितलेत असे."

बायकोने त्या क्षणी ठरवून टाकलं की काय वाट्टेल ते झालं तरी कुत्रा परत जाणार नाही. मात्र पास होईपर्यंत नाव ठेवायचं नाही, उगाच जीव गुंततो, असंही तिने बजावलं. म्हणून त्याला नुसतं पाहुणा म्हणायचं ठरलं. जीव काय, पहिल्या संध्याकाळीच गुंतला होता.

निवाऱ्याच्या पुस्तिकेत नियम भरपूर होते. दोन वेळा फिरवणं, वेळेवर लस, रस्त्यावर पट्ट्याशिवाय न्यायचं नाही, आणि चार तासांहून जास्त एकटं ठेवायचं नाही. बायको दिवसभर औषधांच्या दुकानात, तेव्हा मधूनमधून घरी डोकावायचं काम मास्तरांकडे आलं. पहिल्या दिवशी गावाच्या तीन टोकांवरून ते तीनदा घरी धावले आणि दोन शिकाऊ माणसं रस्त्याच्या कडेला ताटकळत राहिली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाहुण्याला छातीपट्टा बांधून शिकवण्याच्या गाडीत मागे बसवायला सुरुवात केली. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही आणि बाईंना तर नाहीच नाही. नवशिक्याच्या हातातल्या गाडीत कुत्रा बसवतो, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

सध्या मास्तरांकडे एक दातांची डॉक्टर शिकत होती. दुसऱ्यांचे दात निर्धास्तपणे उपटणारी ही बाई चौक दिसला की घामाघूम व्हायची आणि ब्रेक असा मारायची की पुढचे-मागचे सगळे डुलायचे. मागे कुत्रा असला की तिला धीर येई. गाडी नीट थांबली की ती मागे हात करून त्याला बिस्किट द्यायची. मास्तर मागे बघत नसत. त्यांची नजर सदा रस्त्यावर, आणि मागचं दाखवणारा आरसा शिकणाऱ्याकडे वळवलेला.

तपासणीच्या दिवशी बाई दहाच्या ठोक्याला आल्या. त्यांनी पाण्याचं भांडं बघितलं, विजेच्या वायरी बघितल्या, लशीचं कार्ड तपासलं, गॅलरीच्या गजांमधून स्वतःची मूठ घालून पाहिली. बायको मागोमाग फिरत होती. आयुष्यभर इतरांना परीक्षेला पाठवणारे मास्तर आज स्वतः परीक्षेला बसले होते.

सगळं छान चाललं होतं. मग बाईंनी पाहुण्याला "बस" म्हटलं. त्याने बाईंकडे आदराने बघितलं आणि उभा राहिला. "ये" म्हटल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. बाईंनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. पालथ्या घड्यावर पाणी, असं मास्तरांच्या मनात आलं. बायकोचा चेहरा उतरला.

"दिवसा त्याच्याजवळ कोण असतं?" बाईंनी विचारलं.

मी असतो, असं मास्तर पुटपुटले. ते खोटं नव्हतं. टेबलाखाली त्यांचा पाय मात्र जोरात दाबला गेला.

"आणि हे बाहेर असताना त्याला काही झालं, तर डॉक्टरकडे कोण नेणार? आमच्याकडे गाडी चालवणारी घरातली दोन माणसं लागतात."

बायको काही बोलणार, तेवढ्यात बेल वाजली. दातांची डॉक्टर अर्धा तास आधीच हजर झाली होती. मास्तरांनी दार उघडताच ती हसून म्हणाली, "पाहुणे तयार आहेत ना? ते नसले तर मी चौकात जायची नाही."

तिचा आवाज ऐकून पाहुणा स्वयंपाकघरातून सुटला. मास्तरांच्या पायांमधून, तिच्या बाजूने, उघड्या फाटकातून तो थेट बाहेर. गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी होती आणि त्याला गाडीतच जायचं होतं. डावीकडून सामानाचा टेम्पो येत होता.

"ब्रेक!" मास्तर ओरडले आणि उजवा पाय त्यांनी एवढ्या जोराने आपटला की चपलेचा अंगठा तुटला.

पाहुणा फुटपाथच्या कडेला गपकन बसला. टेम्पो समोरून निघून गेला. तो तसाच बसून राहिला आणि मागे वळून बिस्किटाची वाट बघू लागला.

मास्तर तुटकी चप्पल ओढत त्याच्यापर्यंत गेले, फुटपाथवर बसले आणि दोन्ही हातांनी त्याला जवळ घेतलं. पंधरा दिवस ते म्हणत होते की हे सगळं बायकोचं खूळ आहे. आता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "चुकलं रे माझं, दार लावायला हवं होतं," ते कुत्र्याला सांगत होते.

मास्तर त्याला घेऊन आत आल्यावर बाईंनी आधी दाराला कडी घातली आणि मग विचारलं, ते नेमकं काय ओरडले. उत्तर दातांच्या डॉक्टरने दिलं. तिला आरशात रोज दिसत होतं. पहिल्या दोन दिवसांत तिच्या ब्रेकने पाहुणा दोनदा सीटवरून घसरला. तिसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या तोंडून "ब्रेक" हा शब्द निघाला, की तो आधीच बसून घ्यायचा. पटत नसेल तर बघा, म्हणून ती म्हणाली, "न्यूट्रल." सिग्नलला उभं राहिल्यासारखा पाहुणा निवांत आडवा झाला. "आरसा," म्हटल्यावर त्याने मान वळवून मागे पाहिलं.

"म्हणजे हा रोज तुमच्या गाडीत होता?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी खाली मान घालून सगळं कबूल केलं. पट्टा बांधलेला असायचा, पाण्याची बाटली असायची, आणि पहिला दिवस सोडला तर एकटा तो एक तासही राहिला नव्हता. बाईंनी सगळं लिहून घेतलं. कुत्रा ऐकतो, म्हणाल्या, पण उघड्या दाराची चूक मोठी आहे, फाटकाला कडी आजच्या आज बसली पाहिजे. आणि मघाचा प्रश्न अजून तसाच आहे.

बायको उठली, शिलाईच्या मशीनचा खण उघडला आणि सुयांच्या डब्याखालून एक कार्ड काढून बाईंच्या हातात दिलं. ते गाडी चालवायचं लायसन्स होतं, आठ वर्षांपूर्वीचं.

मास्तरांनी वाकून कार्डावरची तारीख पाहिली. "कुणाकडे शिकलीस?"

"मागच्या गल्लीतल्या शाळेत."

त्या शाळेच्या मालकाला मास्तर बावीस वर्षं क्लच जाळणारा म्हणत आले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही म्हणालात संसार मोडेल. म्हणून मोडू दिला नाही."

कार्ड ठीक आहे, चालवून दाखवा, असं बाई म्हणाल्या आणि पुढे मास्तरांच्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या. दातांची डॉक्टर घरी थांबली. मास्तर पाहुण्याला पट्टा बांधून मागे बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या पायाखाली काही नव्हतं.

गाडी अलगद निघाली. बायकोने वळण घेतलं, एका हातगाडीला वाट दिली, चौकाआधी वेग कमी केला. सगळं इतकं बिनचूक होतं, की मास्तरांना कुठे शिकवायला जागाच सापडेना. तेवढ्यात पुढून एक सायकल आडवी गेली आणि त्यांच्या तोंडून निघालंच, "ब्रेक!"

गाडी थांबली नाही. थांबायची गरजच नव्हती, सायकल केव्हाच पार झाली होती. पाहुणा मात्र मुकाट्याने बसला.

पुढच्या सीटवर बाईंनी फॉर्म मांडीवर घेऊन सही केली आणि कुत्र्याचं नाव काय लिहू, असं विचारलं. बायको म्हणाली, "पाहुणाच लिहा. आता कुठे जायचा नाही तो."

मागे मास्तर अजून सीटच्या कडेवर ताठ बसले होते, उजवा पाय रोवून. बायकोने आरशात एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"न्यूट्रल," ती म्हणाली.

पाहुणा मास्तरांच्या मांडीवर हनुवटी ठेवून आडवा झाला. क्षणभराने मास्तरांनीही मुकाट्याने पाठ टेकली.