याच्यावर फोन येत न्हाई

आमच्या शेजारचे वैजनाथ सर ई-रीडरवर पान उलटायच्या आधी बोटाला थुंकी लावतात. हसू नका, मी रोज बघतो. त्यांच्या हैदराबादच्या पोरानं पाठवलेलं ते करड्या पडद्याचं, फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र. सरांनी त्याला खाकी कव्हर घालून वर नावाची चिठ्ठी डकवलीय. ओल्या बोटानं एकदम दोन पानं पुढं जातात आणि शिव्या मात्र माझ्या टॅबला!

कारण मी टॅबवर वाचतो. एवढाच माझा गुन्हा.

"वसंता, पुस्तक वाचायलास का बाजारात फिरायलास? मधीच क्रिकेट, मधीच साड्यांची जाहिरात, मधीच मेव्हणा! आमचा रीडर बघ. याच्यावर फोन येत न्हाई!"

हे पालुपद अख्ख्या गल्लीला पाठ झालंय. दूधवालासुद्धा सुटलेला नाही.

माणूस देवणीकडच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून लातूरला घर बांधून राहिलेला. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. मी व्हरांड्यात कादंबरी उघडली की कंपाउंडवरून हाक आलीच, "उन्हात ये की जरा!" मग भर दुपारी गच्चीवर नेऊन दाखवणार, की त्यांच्या रीडरवर अक्षर लख्ख दिसतं आणि माझ्या टॅबात माझंच घामेजलेलं थोबाड. अहो, पण लातूरच्या उन्हात वाचत बसतं कोण? डोकं फिरलंय का माझं?

परवाच्या रविवारी तर कहर झाला. कादंबरीतला खुनी सापडायच्या बेतात होता आणि टॅबवर खरंच मेव्हण्याचा फोन वाजला. सर शेजारीच उभे. "बघ! बघ! म्हणलो नव्हतो?" म्हणत त्यांनी असा हात मारला, की टॅब फरशीवर. काच खल्लास.

माझं टाळकंच सरकलं. "सर, वयाकडं बघून गप बसतोय! दुरुस्त होईस्तोवर तुमचा टॅब द्या. पडूनच आहे ना घरात?"

त्यांच्या पोरानं टॅबही पाठवलाय, हे मला माहीत होतं. ज्याच्या जातीला उठताबसता शिव्या घालता, तो द्यायला काय जातंय?

"ते न्हाई जमायचं," सर म्हणाले. आवाज पहिल्या बाकापर्यंतही गेला नसता.

मी तरातरा त्यांच्या घरात घुसलो. टॅब टेबलावर उभा करून ठेवलेला, चार्जरला लावलेला. पुढ्यात सरांची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर इस्त्रीचा शर्ट. मी हात पुढं केला तसे सर धापा टाकत मधे आले.

"हात लावू नको. आज रविवार हाय. पोरगं कधीमधी नातीचं तोंड दाखवतंय त्याच्यावर. म्हणून मी बी त्याच्यावर वाचत न्हाई. ऐन टायमाला बॅटरी उतरली तर?"

"मागच्या रविवारी आला होता फोन?"

"त्याला लई काम असतंय, वसंता."

"आणि त्याच्या आधीच्या?"

सर चार्जरची वायर नीट करत राहिले. मला त्या हैदराबादच्या पोराचा असा संताप आला, की समोर असता तर कानाखाली जाळ काढला असता.

मी निघालो तर सरांनी मागून हाक मारली. खाकी कव्हरातला रीडर सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि माझ्या हातात कोंबला.

"हे घेऊन जा. लागतील तितके दिवस ठेव," ते म्हणाले. "याच्यावर फोन येत न्हाई."