अर्धा तास तहकूब

चिटणिसांच्या घरी चहा मागितला तर ते आधी माणसं मोजतात. दोघंच असलो तर म्हणतात, "गणसंख्या नाही. अर्धा तास तहकूब." मग खरंच अर्धा तास भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसतात. अर्धा तास झाला की म्हणतात, "आता गणसंख्येचं बंधन नाही," आणि आधण ठेवतात.

माणसाचं नाव वसंतराव शाळिग्राम. नारायण पेठेत आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहतात. तीन जिल्ह्यांतल्या टोपल्या विणणाऱ्यांचा एक सहकारी संघ आहे, त्याचे ते चिटणीस. सभेला पुरेशी माणसं आली नाहीत तर अर्धा तास थांबायचं, मग असतील तेवढ्यांत सभा उरकायची, हा संघाचा नियम. बाकी आता उरकण्यासारखं काही राहिलेलं नाही. मंडईत प्लास्टिकचे क्रेट आले आणि टोपली गेली. मी तिथं हमाली करायचो. माझ्या डोक्यावरनंच गेली म्हणा.

पण "बंद पडलेला संघ" असं त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. मी एकदा म्हणालो.

"अहो मारुतराव, बंद नाही. निष्क्रिय. कायद्यानं दोन्हींत फरक आहे."

"काय फरक?"

"बंद पडलेल्याला चिटणीस नसतो."

मी दुसरी शिकलेला. पण यातलं खोटं काय ते मला अजून सापडलेलं नाही.

संघाचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे, आणि तो विचारावा लागत नाही. कर्वेनगरला एका सभासदाकडं गेले, तर सोसायटीच्या वॉचमननं विचारलं, "कुठून आलात?" चिटणिसांनी स्थापनेपासून सुरुवात केली. सगळ्यांनी मिळून बांबू आणायचं ठरलं तिथपासून ते नोंदणीच्या दाखल्यापर्यंत आले, तोवर सभासदच खाली उतरला. "आवाज ओळखला," म्हणाला.

स्वतः त्यांनी जन्मात एक टोपली विणली नाही. घरात एक आहे, तिरकी. तिच्यात संघाचा शिक्का ठेवतात. ती त्यांच्या बायकोनं केलेली. कमिटीवर एक बाई हवी आणि ती कारागीर हवी, असं मागं एकदा निघालं. विणणाऱ्या बायकांना सभेला यायला सवड कुठली? म्हणून चिटणिसांनी मालतीबाईंना आमच्या शेवंताकडं शिकायला धाडलं. शेवंता माझी बायको, संघाची जुनी सभासद. तिनं महिनाभर शिकवलं आणि शेवटी म्हणाली, "बाई, ही टोपली जमिनीवर बसायची नाही, पण ठरावात बसेल."

मालतीबाईंना जाऊन फार वर्षं झाली. शेवंता गेल्या दिवाळीच्या आधी गेली.

तेरावं झालं आणि चिटणीस आले. सांत्वन नाही, काही नाही. हातात कागद. सरकारी कचेरीची नोटीस आली होती. दहा सभासद हयात दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. नऊ सह्या त्यांनी उन्हातान्हात हिंडून गोळा केल्या होत्या. दहावा मी, शेवंताचा वारस म्हणून.

"इथं सही."

"आणि तिचं नाव?"

"कमी होतं. लाल शाईची रेघ. नियम आहे."

मी म्हणालो, "रेघ मारायची तर स्वतःच्या कपाळावर मारा."

चिटणीस रागावले नाहीत. "विषय अर्धा तास तहकूब," म्हणाले आणि तिथंच बसले. अर्ध्या तासानं परत विचारलं. मी नाही म्हणालो. उठून गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा हजर. रोज हेच. तिसऱ्या दिवसापासून मी चहा टाकायला लागलो. माणूस समोर बसून घड्याळ बघतो, तर दुसरं करायचं काय? त्या अर्ध्या तासात शेवंताचं बोलणं निघायचं. बांबू फोडताना ती कोणाकोणाचा उद्धार करायची, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त आठवायचं. माझं दिवसातलं बोलणं तेवढंच.

मुदतीच्या आदल्या दिवशी ते आले आणि विचारलंच नाही. नुसते बसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, उद्यापासून या माणसाला कुणाकडं जायला कारण उरणार नाही.

म्हटलं, "आणा वही. रेघ कुठं मारताय ते मी बघणार."

त्यांनी सभासदांची वही आणली, पण हातातून सोडेनात. मी ओढून घेतली. पानं उलटली. निम्मी माणसं मी खांद्यावरनं पोचवलेली. एकाही नावावर रेघ नाही. नावापुढं दर सभेचा एकच शब्द. गैरहजर. सौ. मालती वसंतराव शाळिग्राम, गैरहजर. गैरहजर. गैरहजर. पान भरलं होतं.

"रेघा कुठायत?"

"लाल शाई संपलीय."

"कधी?"

"बरीच वर्षं झाली."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं की हो!"

"चिटणिसानं नियम मोडल्याचं तोंडानं सांगायचं नसतं."

मी सही केली. संघ वाचला. म्हणजे निष्क्रिय राहिला.

परवा वार्षिक सभा झाली. बाकीच्यांचे गुडघे, मोतीबिंदू. आलो मी एकटा. चिटणिसांनी उभं राहून हजेरी घेतली. मालतीबाईंचं नाव घेतलं, थांबले, लिहिलं. शेवंताचं नाव घेतलं, तेवढेच थांबले, लिहिलं.

"गणसंख्या नाही," म्हणाले. "अर्धा तास वाट बघू."

मी खुर्ची दाराकडं फिरवून बसलो. अर्धा तास कधीच उलटून गेला. चिटणिसांनी घड्याळाकडं बघितलं नाही. मीही आठवण केली नाही.