साळोजीची बिनवाजलेली काडतुसं

मुलांनो, एका जंगलात झाडं कमी आणि बातम्या जास्त होत्या.

तिथली भुरी शेळी ओढ्यावर पाणी पीत होती. पलीकडे दोन टिटव्या बोलत होत्या.

"साळोजीच्या काडतुसांनी म्हणे लांडगा कायमचा..."

तेवढ्यात घार आली. टिटव्या उडाल्या. बातमी अर्धीच राहिली.

भुरीच्या तीन करडांपैकी एक लांडग्याने नेलं होतं. तो समोरच्या डोंगरावर राहायचा. बंदूक एकट्या साळोजी साळिंदराकडे.

"इथूनच उडवतो, वहिनी," साळोजी म्हणाला होता. "फक्त काडतुसं घरी भरतो. सगळी एकसारखी हवीत. इकडे कणभर चूक म्हणजे तिकडे हातभर."

याला सात महिने झाले. भुरी रोज त्याच्या दाराबाहेर डबा ठेवून यायची.

लांडगा मेला असं धरून तिने दोन्ही करडांना बरोबर घेतलं आणि साळोजीचं दार उघडलं.

साळोजीशेजारी पाटावर लांडगा बसला होता. करडं भुरीच्या पोटाखाली शिरली.

"दार लाव आधी," लांडगा वर न बघता म्हणाला. "वाऱ्याने तराजू हलतो."

"भावजी, हा इथे कसा?"

"मला खायलाच आला होता," साळोजी म्हणाला. "येता येता म्हणाला, त्या कडेच्या काडतुसात दारू जास्त दिसते. तोललं, तर खरंच जास्त. अशी नजर मिळत नाही हो. शिवाय दम किती वेळ धरतो. माझ्या श्वासाने पारडं डुलायचं."

"पण काडतुसं याच्यासाठीच ना?"

"मलाच लागणार आहेत," लांडगा म्हणाला. "म्हणून तर नीट व्हायला हवीत."

"मग एक वाजवून तरी बघा."

दोघांनी तिच्याकडे कीव येऊन पाहिलं.

"वाजवलं की काडतुसाचं पितळ फुगतं, वहिनी," साळोजी म्हणाला. "मग सगळी मापं पहिल्यापासून."

भुरीने हळूच लांडग्याला विचारलं, "आणि शिकार?"

"वेळ कुठाय? तुझ्या डब्यात भागवतो. भाकरी जरा पातळ कर. आणि सगळ्या एका मापाच्या."

भुरी करडांना घेऊन बाहेर आली. टिटव्या वाटच पाहत होत्या.

"खरं का गं? काडतुसांनी लांडगा कायमचा मेला?"

"काडतुसांनी, हे खरं. कायमचा, हेही खरं," भुरी म्हणाली. "मेला तेवढं सोडा." आणि ती दोघांपुरतं पीठ मळायला गेली.

तात्पर्य : हातातलं काम वेळेवर पुरं करणाऱ्यांनी जगात पुष्कळांचे जीव घेतले आहेत. म्हणून, मुलांनो, काम अगदी नीट होईपर्यंत करत राहावं, आणि ते नीट झालं असं कधीही म्हणू नये.