पेपराच्या वेळची ओहोटी

आमच्या चुरीसरांना एकाच उत्तराचा भारी राग. चिंचणीच्या बाजारात कोणी म्हणालं, "सर, आज पापलेट महाग हाय," की हे जागच्या जागी थांबून विचारणार, "कारण?" कारण सांगितलं की, "आणि दुसरं?" दुसरं ऐकल्याशिवाय त्यांचं पाऊल हलायचं नाही. सर लांबून दिसले की कोळणी टोपलीवर फडकं ओढून घेत.

ते आमच्या हायस्कुलात गणित शिकवत आणि मी मराठी. एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू झालं होतं आणि जरा इंग्रजी येणारा प्रत्येकजण तिकडे चिकटायच्या खटपटीत होता. सरांना तर तिथून बोलावणं आलं होतं. "मी गेलो तर नववीला केवल मूल्य कोण शिकवणार? तुम्ही?" असं त्यांनी मलाच दरडावलं. जसं काही मीच त्यांना हाकलत होतो!

केवल मूल्य, म्हणजे दिशा न बघता नुसतं अंतर, हा त्यांचा जीव की प्राण. फळ्यावर |x − 3| = 5 लिहायचे आणि खाडी काढायचे. खाडीत तीनच्या खुणेवर खुंटा, खुंट्याला पाच हात दोरीने बांधलेली होडी. "होडी कुठे?" भरती आली की होडी आत ओढली जाते, आठवर. ओहोटी लागली की समुद्राकडे, उणे दोनवर. दोरी तेवढीच, जागा दोन. कोळ्यांच्या पोरांना हे झटकन कळायचं. एकच उत्तर लिहिणाऱ्याला मात्र शून्य. तिथे दयामाया नाही.

एका वर्षी वार्षिक परीक्षेत त्यांनी हीच होडी घातली आणि पांडू तांडेलाच्या हिरूने एकच उत्तर लिहिलं, उणे दोन. सरांनी शून्य दिलं आणि वर्गातली हुशार पोर थोडक्यात नापास झाली. पांडू शाळेच्या दारातच म्हणाला, "नापास झाली तं शाला बंद. आयशीबरोबर म्हावरं इकायला बसंल."

सरांनी हिरूला बोलावलं. "दुसरं उत्तर कुठाय?"

हिरू रडत होती, पण मान ताठ. "सर, पेपराच्या टायमाला ओहटी व्हती. खिडकीतना दिसत व्हती. मंग होडी आत असंलच कशी?"

मी हसू दाबलं. सर हसले नाहीत. ते तडक हेडमास्तरांकडे गेले आणि म्हणाले, "पेपर रद्द करा. सगळ्या वर्गाचा."

"एका मुलीसाठी? चूक तिची आहे."

"प्रश्न माझा आहे. वेळ कुठली ते मी लिहिलं नाही. तिचं उत्तर चूक म्हणता येत नाही आणि पुरे मार्कही देता येत नाहीत. नवा पेपर मी काढतो."

"चुरीसर, तुमची बढती माझ्या शेऱ्यावर आहे."

"लिहा शेरा. आणि दुसरं?"

हेडमास्तरांनी पेपर रद्द केला आणि शेराही लिहिला. सरांची बढती गेली ती गेलीच. सुट्टीवर डोळा ठेवून बसलेली नववी त्यांच्या नावाने बोटं मोडत पुन्हा पेपराला बसली. हिरूने या वेळी दोन्ही उत्तरं लिहिली आणि प्रत्येकासमोर भरती, ओहोटी असं नमूद केलं. ती पास झाली. पांडू दहावीची पुस्तकं कुठे मिळतात ते विचारून गेला.

मला वाटलं, सर आता गावभर मिरवतील. पण निकालाच्याच संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि ओट्यावर बसून राहिले. चहा निवला.

"माझी लेक कमल गणितात हिरूपेक्षा तयार होती," ते एकदम म्हणाले. "सातवीतून काढली मी. चांगलं स्थळ आलं म्हणून. पोर रडून रडून आजारी पडली, तरी मी ऐकलं नाही. आता मनोरला असते. ती इकडे येत नाही. मी जात नाही."

मला त्यांचा संताप आला. दुसऱ्याच्या मुलीसाठी बढती घालवणारा हा माणूस! पण त्यांच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन चहा पुन्हा गरम करून त्यांच्यासमोर आणून ठेवला.

"रविवारी माझ्याबरोबर मनोरला याल?" त्यांनी विचारलं. "तिने दार लावून घेतलं, तर मला घरी परत आणायला कोणीतरी हवं."