पायऱ्यांना हात लावू नका

टॅनर्स रोच्या बाजारातून नॉर्म पर्किसचा फळांचा ठेला उठवायचा आणि तिथे दोन बाकं नि चार कुंड्या ठेवायच्या, असं कौन्सिलनं ठरवलं. निरोप घेऊन आलेली मिस टिडमार्श फार सभ्य होती. पूर्व लंडनमध्ये वाईट बातमी सभ्य माणसाच्या हातीच धाडतात, म्हणजे ऐकणाऱ्याला धड शिव्याही देता येत नाहीत.

हा ठेला गेला तर आपल्याला दुसरं काहीच येत नाही, हे नॉर्मला चांगलं ठाऊक होतं. त्यानं तीन पिढ्यांची हकिकत सांगितली. ती म्हणाली, तीन पिढ्या इथं प्रत्येकाच्याच असतात. ऐतिहासिक काही असेल तर गोष्ट वेगळी. नॉर्मनं घाबरून इकडेतिकडे पाहिलं. डावीकडे सफरचंदं होती, उजवीकडे नाशपाती.

"ॲपल्स अँड पेअर्स," तो म्हणाला. "बाई, तो शब्द याच ठेल्यावर जन्मला."

मिस टिडमार्श जागीच थबकली. त्या गल्ल्यांच्या जुन्या बोलीत जिन्याला, म्हणजे 'स्टेअर्स'ला, कोणी सरळ स्टेअर्स म्हणत नाही. यमक जुळतं म्हणून 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणायचं, आणि मग यमकाचा शब्दच गाळून टाकायचा. उरतात नुसती सफरचंदं. माणूस सफरचंदं चढून झोपायला जातो. हे असं का, याबद्दल दोन मतं आहेत. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून फेरीवाल्यांनी ही बोली काढली, हे एक. पोलिसांना कळू नये म्हणून चोरांनी काढली, हे दुसरं. दोन्ही धंदे एकाच घरात चालत असल्यामुळे वाद मिटलेला नाही.

नॉर्मनं तिसरं मत मांडलं. त्याचा पणजोबा इझिकेल फळं पायऱ्यापायऱ्यांनी रचायचा. एकदा एक तर्र झालेला माणूस आला, त्याला तो आपल्या घराचा जिना वाटला, तो चढला आणि वर जाऊन झोपला. तेव्हापासून जिन्याला हे नाव पडलं.

"आणि फळं?" मिस टिडमार्शनं विचारलं.

"एकही चेपलं नाही. तेव्हाचा माल वेगळा होता."

ती खूश होऊन गेली. आतून सगळं ऐकणारी नॉर्मची बायको ब्रेंडा बाहेर आली.

"तुझा पणजोबा मासे विकायचा, नॉर्म. आणि त्याचं नाव सिड होतं."

"सिड नावाच्या माणसाच्या हातून इतिहास घडत नाही, ब्रेंडा."

चहा निवायच्या आत समोरचा बटाटेवाला डेरेक क्लॉस कमरेवर हात ठेवून हजर झाला. त्यालाही कुंड्यांची धास्ती होतीच. त्याचं म्हणणं एवढंच, की चढणारा माणूस आपला पणजोबा होता. नॉर्म म्हणाला, शक्यच नाही. डेरेक म्हणाला, मग सिडचं काय ते कौन्सिलला कळवू का? नॉर्मला लगेच आठवलं, की चढणारा डेरेकचाच पणजोबा होता.

मग सापासारख्या लांबट ईल माशांची टपरी चालवणारी मेव्हिस आली. त्या माणसाला प्यायला घालणारी तिची आजी निघाली. पावाच्या दुकानाकडून उशी आली, चपला दुरुस्त करणाऱ्याकडून त्याचे बूट आले. आठवडाभरात त्या दारुड्याचा गोतावळा एवढा वाढला, की त्याला एकट्यानं झोपायला जागा उरली नाही.

इतका जिवंत इतिहास पाहून कौन्सिलनं आख्खी समितीच पाठवायचं ठरवलं. समितीला बाजाराची अस्सल बोली कानांनी ऐकायची होती. इथं पंचाईत झाली. ती बोली बाजारात कोणी बोलत नव्हतं. तीनचार शब्द पर्यटकांसाठी ठेवलेले होते, तेही शनिवारी. तेव्हा सगळे पबमध्ये बसले, आठवले ते शब्द वाटून घेतले आणि आठवेनात तिथे नवे पाडले. आपापले नवे शब्द एकमेकांना सांगायचं मात्र राहून गेलं.

समिती आली. डेरेकनं मेव्हिसकडे चहा मागितला, पण अशा एका वाक्यात, की त्यातला एकही शब्द स्वतःच्या अर्थाला जबाबदार नव्हता. मेव्हिसनं समजल्यासारखी मान डोलावली आणि थंड, जेलीत थरथरणाऱ्या ईल माशांचा मोठा वाडगा त्याच्यापुढे ठेवला. डेरेकला लहानपणापासून ईल पाहिला तरी मळमळतं. समिती पाहत होती. त्यानं वाडगा चाटूनपुसून संपवला आणि आभार मानले. मेव्हिसला वाटलं, आणखी मागतोय.

समितीच्या अध्यक्षांना, एका अतिवृद्ध प्राध्यापकांना, भरून आलं. डोळे पुसत ते म्हणाले, आता फक्त तो माणूस चढला कसा, तेवढं दाखवा.

सगळा बाजार डेरेककडे बघू लागला. नॉर्मनं सकाळीच खाली लाकडी खोकी लपवून वर फळांच्या पायऱ्या रचल्या होत्या, पण त्या बघण्यापुरत्या होत्या. डेरेक दोन पोत्यांच्या वजनाचा.

"मी चढणार नाही," डेरेक त्याच्या कानात कुजबुजला. "पोटात ईल आहेत."

"पणजोबा तुझा आहे."

"तो प्यायलेला होता."

मेव्हिसनं निमूटपणे बाटली पुढे केली. डेरेकनं अर्धी संपवली, टोपी सारखी केली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. नॉर्मनं डोळे मिटले. ठेला गेला, असं त्यानं मनाशी धरूनच टाकलं होतं. खोकी करकरली. दुसरी पायरी, तिसरी. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं डोळे उघडले. डेरेक वर पोचून घोरत होता.

ठेला वाचला. कौन्सिलनं त्याला ऐतिहासिक जिना म्हणून मान्यता दिली. जिना म्हटल्यावर जिन्याचे नियम आले. एका बाजूला कठडा बसला, पायऱ्या घसरड्या असल्याची पाटी लागली. आणि फळ विकणं म्हणजे ऐतिहासिक वास्तूची पायरी काढून देणं, म्हणून विक्री कायमची बंद झाली. नॉर्मला मात्र कौन्सिलनं उघड्यावर सोडलं नाही. जिन्याचा रखवालदार म्हणून त्याला गणवेश दिला, शिट्टी दिली. आयुष्यभर "घ्या बाई, हात लावून बघा" म्हणणारा माणूस आता हात लावणाऱ्यांवर शिट्टी फुंकू लागला. पहिल्याच दिवशी ब्रेंडा सापडली. ती दोन दिवस बोलली नाही.

पायऱ्या सडायच्या, त्यामुळे दर सोमवारी नव्या आणाव्या लागत. ते काम डेरेकला मिळालं. त्यानं बटाटे सोडून फळांचा धंदा धरला होता आणि त्याचं बरं चाललं होतं. एका सोमवारी पायऱ्या बदलून झाल्यावर त्यानं गाडीतलं एक लालबुंद सफरचंद नॉर्मपुढे धरलं.

"घे रे, शिल्लक राहिलंय."

"ड्युटीवर आहे."

"ते पायरीचं नाही. गाडीतलं आहे."

डेरेक गेल्यावर नॉर्मनं ते बराच वेळ हातात फिरवलं. मग एक मोठा चावा घेतला आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की वरच्या पायरीवर एक जागा रिकामी आहे. जिन्यापाशी दुसरं कोणीच नव्हतं. नॉर्म नियमानं वागणारा माणूस. त्यानं खिशातून शिट्टी काढली आणि फुंकली. तोंड भरलेलं असल्यामुळे ती नीट वाजली नाही.