दुर्गाबाईंच्या भिंतीचा काला

या, सतरंजीवर असे अलीकडे सरका. कीर्तनकार बुवा अजून चहा घेताहेत, तोवर आमच्या परतवाड्यात समेट कसा होतो त्याची कथा सांगतो.

आमच्या गल्लीत नितेश या कंत्राटदाराने रिकाम्या प्लॉटवर पाया खोदायला घेतला आणि जेसीबीचा दात शेजारच्या दुर्गाबाईंच्या स्वयंपाकघरात घातला. भिंतीला परातीएवढे भोक पडले. बाई पिठलं ढवळत होत्या. दात परत गेला तेव्हा त्याला पिठलं लागलेलं होतं. बाईंची मागणी एकच : भिंत बांधून द्या.

नितेशने हात जोडले. "काकू, भांडता कायले? सप्त्याचा काला आलाच हाय. तुमी मले घास भरवा, मी तुमाले भरवतो. मिटलं."

सप्ताहाच्या समाप्तीला कीर्तन झाले, की दही-लाह्यांचा काला एकमेकांना भरवायचा आणि पाया पडायचे. घास गिळला की भांडणही गिळले. चाल फार गोड. मला तर दर वर्षी रडू येते. नितेशलाही ती इतकी प्रिय, की तो खोदकाम नेहमी सप्ताहाच्या तोंडावरच काढतो.

बाई नगरपालिकेत गेल्या. अभियंता साहेब गंभीरपणे म्हणाले, "सदर भोक प्रलंबित समेटाच्या कक्षेत येते. घास घेतल्यावर या."

"मंग कायले येऊ?"

"तक्रार उरली नाही, हे सांगायला."

काल्याच्या दिवशी नितेश घास घेऊन उभा राहिला. बाईंनी तोंड मिटून घेतले. सप्ताह समितीचे अध्यक्ष पंजाबराव कळवळले, "बाई, उघडा न तोंड."

"आंधी भिंत, मंग घास."

"आता बोलायले उघडलंच हाय, तर तेवढ्यात एक लाही जाऊ द्या."

बाई तडक घरी गेल्या आणि पुढच्या दाराला आतून कडी घातली. गावचा समेट अडला. एवढ्या सात्त्विक कामासाठी दार ठोठावून वाद कशाला वाढवायचा, म्हणून आम्ही सारे भोकातून आत जायचे ठरवले. पहिले पंजाबराव. त्यांचा देह पंगतींवर पोसलेला. थोड्या विटा काढाव्या लागल्या. मग टाळकरी. मग मृदंग आडवा जाईना, म्हणून आणखी विटा. आत जागा पुरेना, तरी भक्तिभाव आवरेना. गजर टिपेला पोचला आणि उरलेली भिंत नम्रपणे खाली बसली.

गलबला ऐकून साहेब धावत आले. त्यांनी विटांच्या ढिगाऱ्यावर उभे राहून पाहणी केली आणि निर्णय दिला, "प्रत्यक्ष जागेवर भिंत आढळून येत नाही. नसलेल्या भिंतीला भोक असू शकत नाही. तक्रार निकाली."

हे ऐकून दुर्गाबाईंचा आ वासला. नितेश तयारच होता. त्याने घास आत सारला आणि बाईंचे पाय धरले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पंजाबरावांनी त्याच ढिगाऱ्यावर नितेशला शाल-नारळ दिला.

हसता काय? तुमच्याही शेजारचा प्लॉट विकला गेला, असे कानावर आहे. काळजी करू नका, आम्ही टाळ-मृदंगासह येऊच. एवढीच विनंती, की त्या दिवशी दुर्गाबाईंची आठवण ठेवा. त्यांच्या पिठल्यात मीठ किती पडते ते आता सगळ्या गल्लीला दिसते. आठवण ठेवा, आणि पुढचे दार तेवढे उघडे ठेवा.