सोमवारचा माल

थँक्सगिव्हिंगच्या सकाळी फ्रिजचं दार उघडेना. आत सोळा पौंडांची टर्की, आणि दुपारी लोरीनची बहीण सहकुटुंब जेवायला येणार.

"आता तरी नवा घेशील?" लोरीनने नवऱ्याला विचारलं. हा फ्रिज दगा देईल त्या दिवशी नवा, तोही तिच्या पसंतीचा, असा डेल्बर्टने शब्द दिला होता. बत्तीस वर्षं फ्रिज काही दगा देत नव्हता.

"दगा कुठे? थंड करतोय की! आणि दार बघ कसं धरून ठेवलंय. अस्सल ओहायोचं पोलाद! ते परदेशी फ्रिज नुसतं खोकलं तरी उघडतात."

फ्रिज त्याच्याच कारखान्यातला. तिथे तो सतरा नंबरचा बिल्ला लावून दारांच्या कड्या तपासायचा. शेजाऱ्यांचं काही मोडलं की नाक मुरडून म्हणायचा, "सोमवारचा माल!" म्हणजे रविवारची झिंग न उतरलेल्या कामगारांनी बनवलेला. आपल्या हाताखालून मात्र कुठल्याच वारी खराब माल गेला नाही, हे तो न विचारता सांगायचा.

त्याने पहार आणली. तीही ओहायोची. अंगातला सगळा जोर लावला. पहार वाकली, दार ढिम्म.

"बघितलंस?"

"बघितलं. आता कौतुक दाराचं करू की पहारीचं?"

तेवढ्यात जावई कर्टिस आला. त्याची गाडी जपानी, म्हणून सासऱ्याच्या हुकमाने ती कोपऱ्यापलीकडे उभी असायची.

"बाबा, गाडीत स्क्रू-ड्रायव्हर आहे. बिजागऱ्या काढू?"

"तोही जपानीच असेल."

"टर्की अमेरिकन आहे ना, बाबा!"

पाच मिनिटांत दार निघालं. लोरीनने आधी टर्की ओव्हनमध्ये सारली, मग कडी आतून न्याहाळली. तीन स्क्रूंच्या जागी दोनच होते. तिसरं भोक रिकामं, आणि त्याखाली ठसठशीत शिक्का: 'तपासले. नंबर १७.'

डेल्बर्टने शिक्क्यावरून बोट फिरवलं. फ्रिजची मोटर बिचारी अजून झकास चालली होती.

"सोमवार असणार," डेल्बर्ट अखेर पुटपुटला. लोरीनला हसू आवरेना, पण त्याचा चेहरा पाहून तिला दयाही आली. तिने हसू गिळलं.

शनिवारी दुकानात डेल्बर्ट एकेका फ्रिजच्या मागे वाकून देशाचं नाव शोधत होता.

"काही खास हवंय का, बाई?" विक्रेत्याने विचारलं.

"देश कुठलाही चालेल," लोरीन म्हणाली, "फक्त सोमवारचा नको."